ज्यानं बोल्ट आवळला त्यानं
अच्युतराव मुळ्यांसारखा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्या हट्टावरच आमची लाकडी गॅलरी आजही उभी आहे.

सव्वीस वर्षं मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडल्यावर परदेशीपुऱ्याच्या मिल-कामगार वस्तीतून सायकलनं येऊन घरोघरची कामं करायचे. गॅलरीची तुळई विटांच्या भिंतीला लावायला मी बाजारात नवे आलेले, आत फुगून बसणारे चकचकीत बोल्ट हौसेनं आणले होते. अच्युतरावांनी विटेवर हातोडी मारली. बद्द आवाज आला, तसे भडकले.

"भिया, ही जुनी वीट झेलणार नाही. बोल्ट फुगला की तडकेल. नवं आलं म्हणून काहीपण लावायचं?"

त्यांनी भिंतीच्या आरपार लांब बोल्ट घातले आणि आतून लोखंडी पट्ट्या देऊन आवळले. मग घरातल्या आम्हा नऊ जणांना गॅलरीत चढवलं आणि स्वतः बरोबर तुळईखाली जाऊन उभे राहिले.

"मुळेजी, बाजूला व्हा!" मी ओरडलो.

"का? मिलमध्ये रिवाजच होता. ज्यानं बोल्ट आवळला, त्यानंच आधी खाली उभं राहायचं."

मग वर तुळईकडे बघत म्हणाले, "मिल बंद करणाऱ्यांपैकी खाली कोणीच उभं नव्हतं."