चूलबंद आवतण

तेलाची पळी कढईवर आडवी धरायची, काठावरून एक थेंब सुटला की मनगट चटकन मागं वळवायचं आणि उरलेलं तेल परत बाटलीत. बाटलीच्या तोंडाला लागलेलं बोटानं निपटायचं आणि ते बोट कढईला पुसायचं. मग माझ्याकडं बघून शेजारचे गृहस्थ म्हणायचे, "तेल भाजीले दाखवाचं रायते, मास्तर. पाजाचं नसते."

भाजीनं तेल खरंच पाहिलं की नाही, हे भाजीलाच ठाऊक. आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच कुडाची भिंत होती आणि पलीकडच्या चुलीजवळ काय चाललंय ते अलीकडं सगळं ऐकू यायचं. लसूण ठेचलेला, झाकण पडलेलं, वहिनींचा खोकला. फोडणी तेवढी कधी ऐकू यायची नाही. चर्र व्हायला कढईत काहीतरी असावं लागतं.

मी भंडाऱ्याजवळ शहापूरला मास्तर म्हणून आलो तेव्हा सत्तरीचं दशक नुकतं लागलं होतं. हे गृहस्थ शहापुरात आणि आसपासच्या खेड्यांत सायकलवरून टपाल वाटायचे. सगळे त्यांना डाकवाले भाऊ म्हणत, मी नुसतं भाऊ म्हणायचो. मी खोलीत ट्रंक टेकवली आणि पाच मिनिटांत ते दारात उभे. डोकं ताजं भादरलेलं. वडील वारले होते आणि दुसऱ्या दिवशी तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण होतं. माझं नाव-गाव काही न विचारता ते म्हणाले, "उद्या चूल नका पेटवू."

आमच्या भागात याला चूलबंद आवतण म्हणतात. म्हणजे घरातल्या एकट्या कर्त्याला बोलावणं नव्हे. म्हातारे, पोरं, आलेला पाहुणा, सगळ्यांनी यायचं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटायची नाही. असं आवतण माणूस भावकीला देतो, फार तर आळीला देतो. भाऊंनी ते टपालाबरोबर वाटलं. त्यांचं म्हणणं असं, की ज्या दारात आपण वर्षभर पत्र टाकतो ते दार आवतणाला कसं वगळायचं? लोक म्हणतील, चिठ्ठी द्यायला बरा येतो. भावकीतल्या शहाण्या माणसांनी त्यांना समजावून पाहिलं. पण हिशेबात कच्चा आणि मनानं मोठा असा माणूस एकदा बोलावत सुटला की त्याला कोण थांबवणार? ज्या घरांना कित्येक महिने पत्र आलं नव्हतं, तिथंही ते आवतण द्यायला मुद्दाम वाट वाकडी करून गेले.

लोक आले, बैलगाड्या जुंपून आले. शाळेच्या पटांगणापर्यंत पंगती गेल्या. मीही जेवलो, बुंदी दोनदा मागून घेतली. हात धुताना शेजारी आमच्या चौकातले किराणा दुकानदार होते. त्यांनी दातांत काडी घालून शांतपणे निकाल दिला, "बुंदी जराशी कडक झाली."

त्या कडक बुंदीसाठी वहिनींची पोत भंडाऱ्याच्या सोनाराकडं गहाण पडली होती. सोन्याच्या मण्यांची, दोन पदरी, एकोडीच्या माहेरची. गळ्यात राहिले काळे मणी, साध्या दोऱ्यात. गावाच्या चुली एक दिवस बंद राहिल्या आणि भाऊंची चूल पुढची काही वर्षं नुसती नावाला पेटली.

तेरवीनंतर घरात पहिली राज्यक्रांती झाली ती चुलीपाशी. भाऊंनी वहिनींना स्वयंपाकातून बडतर्फ केलं. कारण एकच, "तुवा हात सढळ हाय." वहिनींचा हात खरोखरच सढळ होता, आणि भाऊंनी तीन गावं जेवायला बोलावली तो हात मात्र आखडता होता असं ठरलं. वहिनी मग संध्याकाळी ओट्यावर येऊन बसू लागल्या. त्या काळात बाप्यानं रोज चूल फुंकणं म्हणजे गावाला फुकटचा तमाशा होता. बाया पाणी भरायला जाताना मुद्दाम वाकून बघायच्या. भाऊ आतूनच विचारायचे, "का पाहून राहिल्या? चिठ्ठी नाई आली तुमची."

आता त्यांचा स्वयंपाक. तांदूळ म्हणजे कण्या, गिरणीत भात सडताना तुटतो तो. लोक तो कोंबड्यांना घालत, म्हणून स्वस्त. वरण स्वस्तातल्या लाखोळीच्या डाळीचं, कारण तुरीची डाळ महाग, म्हणजे सोनाराच्या बाजूची होती. आणि भाजी फुकट. टपाल वाटून परत येताना सडकेच्या कडेचा कोवळा तरोटा, कुणाच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची अंबाडी, कुणाच्या परसातली कोचईची, म्हणजे अळूची पानं असं सगळं त्यांच्या खाकी पिशवीत यायचं. पत्रं एका कप्प्यात आणि भाजी दुसऱ्यात, अशी त्यांची व्यवस्था होती. भाजी मात्र ती पाळायची नाही. माझ्या आईचं पत्र एकदा असं हिरवं होऊन आलं की 'चिरंजीवास' एवढंच वाचता आलं. मी तक्रार केली तर त्यांनी पत्र नाकाशी नेलं आणि म्हणाले, "अंबाडी हाय. मायनं खुशाल असल्याचंच लिवलं असन." खरंच तेवढंच लिहिलेलं होतं, पुढच्या पत्रात कळलं.

खरं सांगायचं तर ते अन्न चांगलं लागायचं. कण्या घालून घोटलेली अंबाडी, वर ठेचलेला लसूण. तेल नसल्यानं पदार्थाच्या अंगची चव लपायला जागाच नसायची. भिंतीवरून वाटी यायची आणि वाटीबरोबर त्यांचा प्रश्न, "तेल जास्त तं नाई झालं?" मी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचो, किंचित झालंय. ते खरंच काळजीत पडायचे. मला हा माणूस फार आवडायचा.

गाव मात्र एवढं हळवं नव्हतं. जे बोटं चाटत तेरवी जेवले तेच आता थट्टेत पुढं होते. भाऊ दुकानात तेलाची बाटली घेऊन गेले, औषधाची जुनी बाटली, की ते किराणावाले चार गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "भाऊ, बाटली कायले आणता? फडकं आणा, भिजवून देतो." गिऱ्हाइकं हसायची. भाऊही हसायचे, आणि बाटली उजेडात धरून तेल रेघेपर्यंत आलं की नाही ते बघायचे.

त्यांना हे लागत नव्हतं. लागलं ते वेगळंच. वहिनी माहेरी जात नव्हत्या. एकोडी काही काशी-रामेश्वर नव्हे, एसटीनं दुपारपर्यंत पोचावं. पण तेरवीनंतर त्या गेल्याच नाहीत. दिवाळीला कंबर धरली, पोळ्याला पाहुणे येणार होते, भाचीच्या लग्नाला ताप आला. दर वेळी वेगळं कारण, आणि दर वेळी भाऊ ते कारण स्वतःच्या हातानं कार्डावर लिहून स्वतःच टपालात टाकायचे.

शेवटी वहिनींचा भाऊच न्यायला आला. आई थकली होती, लेकीला बघायचं म्हणत होती. भाऊंनी पाहुण्यासाठी कोचईच्या पानांच्या वड्या केल्या. चिंच-गूळ चोपडून गुंडाळलेल्या, वाफवलेल्या आणि चक्क तव्यावर परतलेल्या. मलाही बोलावलं होतं. पाहुणा मन लावून जेवला आणि बहिणीला म्हणाला, दाजींच्या हाताला चव आहे, तू नशीबवान. वहिनी पदर गळ्याशी घट्ट धरून वाढत होत्या. त्यांनी सांगितलं, शेजारच्या घरी बाळंतपण आहे, आत्ता नाही येता येत. पाहुणा एकटाच परत गेला. शेजारच्या घरी म्हणजे माझ्याकडं. आणि मी तर तेव्हा बिनलग्नाचा होतो.

पाहुण्याला फाट्यापर्यंत सोडून भाऊ परत आले. वहिनी खरकटं आवरत होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, "माय इचारन, पोत कुठी हाय. तं मी का अंबाडी दाखवू तिले?"

भाऊ कढई घासायला बसले आणि घासत राहिले. कढईला तेलाचा डागही नव्हता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं. इतक्या वर्षांत वहिनींनी त्या पोतीचं नावही घेतलं नव्हतं, म्हणून ती गळ्यात नसल्याचं त्यांना काही वाटत नाही असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

त्यानंतर घरातलं लाखोळीचं वरणही पातळ झालं. भाऊंनी चहा सोडला, विडी सोडली. ज्यांच्याकडं मनिऑर्डर न्यायची तिथं लोक खुशीनं चार-आठ आणे देत, ते पूर्वी नको म्हणायचे. आता मान खाली घालून घेऊ लागले. त्या मानी माणसाला हे कण्यांपेक्षा जड गेलं असणार. आणि एका हिवाळ्यात, धान खळ्यावर आलं होतं तेव्हा, ते भंडाऱ्याहून परतले. पिशवीतून मेथी काढली, मेथीखालून रुमालाची पुरचुंडी काढली आणि ओट्यावर ठेवली. "रजिस्टर हाय," ते म्हणाले, "सही करा लागन." वहिनींना सही येत नव्हती. त्यांनी रुमाल उघडला आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्या एकोडीला गेल्या. पदर त्या दिवशी गळ्याशी नव्हता, खांद्यावर होता.

आता तुम्हाला वाटेल की कर्ज फिटलं आणि तेल आलं. मलाही तसंच वाटलं होतं. वहिनी माहेरून महिनाभरानं परतल्या, गालावर जरा मांस घेऊन, आणि चुलीचा ताबा मागू लागल्या. भाऊ देईनात. वहिनींनी भजी खायची इच्छा सांगितली तर त्यांनी दिवसभर खपून तव्यावर भजी केली, चपटी. पळी हातात घेतली की मनगट आपोआप मागं वळायचं. एकदा माझ्यासमोर त्यांनी निश्चय करून पळी पूर्ण उलटी करायचं ठरवलं. थेंब पडला, मनगट फिरलं. ते माझ्याकडं बघून ओशाळून हसले. "वळण लागलं, मास्तर. आता का मोडते ते?"

पुढं माझं लग्न झालं, घर तेच राहिलं. भाऊ निवृत्त झाले तरी सकाळी सायकल काढून तरोटा आणायला जायचेच. आणि ऐंशीचं दशक अर्धं सरल्यावर एका भादव्यात, धान पोटरीत असताना, ते चार दिवसांच्या तापानं गेले. शेवटी शेवटी त्यांना काही जात नव्हतं. माझ्या बायकोनं पेज करून त्यात तुपाचं बोट फिरवलं होतं, ते त्यांनी बरोबर ओळखलं आणि डोळे मोठे केले.

तेरवीचा विषय निघाला. भावकी जमली. तेच किराणावाले, आता केस पांढरे झालेले, पुढं होऊन म्हणाले की भाऊंनी बापाची तेरवी तीन गावांत गाजवली, त्यांची साधी कशी करायची? कुणीतरी हळूच सुचवलं, की तशीही पोत आता वहिनींना गळ्यात घालायची नाहीच. सोनार ओळखीचा आहे. मी वहिनींकडं पाहिलं. त्यांनी काळे मणी काढून टाकले होते आणि सोन्याचे मणी एका पांढऱ्या दोऱ्यात ओवून घातले होते. विधवेच्या गळ्यात सोनं म्हणून बायांनी एकमेकींकडं पाहून घेतलं होतंच.

"कण्या खाऊ खाऊ सोडवली त्याईनं," वहिनी म्हणाल्या. "मी नाई टाकत बुंदीत."

मग मला त्यांनी निरोप सांगायला धाडलं. चूलबंद नव्हे, घरोघरी चुली पेटवून, जेवून मग या, आणि आमच्याकडं एक घास घ्या. असं आवतण गावात कुणी ऐकलं नव्हतं. कुतूहलानंच सगळे आले.

अंगणात मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, कण्या घातलेली अंबाडी शिजत होती. तेवढी एकच भाजी, आणि भात. आळीतल्या बाया घोटत होत्या. वहिनी आतून आल्या त्या तेलाचा पिपा घेऊन, अख्खा. त्याच दुकानातून माझ्याकडून आणवला होता. त्यांनी मोठी कढई चुलीवर ठेवली आणि पिपा वाकडा केला. कुणीतरी बाई म्हणाली, बाई, पुरे. वहिनींचा हात थांबला नाही.

"जिंदगीभर नुसतं दाखवलं," त्या म्हणाल्या. "आज पाजू द्या."

लसूण पडला आणि चर्र असा आवाज झाला की ओट्यावरचं बोलणं थांबलं. इतकी वर्षं भिंतीला कान लावूनही जो मी ऐकला नव्हता तो आवाज. वहिनींचे डोळे वाहत होते आणि फोडणीचा धूर होताच, म्हणून ते लपवायचीही गरज नव्हती. घरून जेवून आलेले लोक दुसऱ्यांदा मागून जेवले. किराणावाल्यांनी तिसऱ्यांदा मागितली, निकाल मात्र काही दिला नाही.

पहिली पत्रावळ भाऊंच्या नावानं भिंतीशी मांडली होती. भाजीतून तेल सुटून पानांच्या शिवणीतून खाली जमिनीवर ओघळत होतं. ते असते तर त्यांनी ते बोटानं निपटून परत बाटलीत घातलं असतं. मी बराच वेळ तिथं उभा राहिलो. ते ओघळ कुणी पुसले नाहीत.