बीव्हरची फर आणि मामंजींचं मृगाजिन

ही आठवण तुम्हा दोघा नातवंडांची आहे, पण माझ्या बाजूने ती कशी घडली हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून लिहून ठेवते.

ताई, तिकडे परदेशात तुमच्या शाळेची सहल एका जुन्या लाकडी किल्ल्यावर गेली होती. रविवारी व्हिडिओ कॉलवर तू मला त्याचा इतिहास क्रमवार सांगितलास. व्यापाऱ्यांनी नदीकाठी ओंडक्यांची तटबंदी उभारली. जंगलातली माणसं बीव्हरची, म्हणजे नदीत राहणाऱ्या एका केसाळ प्राण्याची, कातडी आणून द्यायची आणि बदल्यात घोंगड्या, सुऱ्या, किटल्या न्यायची. जहाजाने दूर गेलेल्या त्या कातड्यांच्या टोप्या व्हायच्या. टोप्यांची फॅशन गेली आणि किल्ला ओस पडला. आता तिथे जुन्या वेशातल्या बायका चुलीवर पाव भाजून दाखवतात आणि दारात तिकीट लागतं.

"व्यापाऱ्यांच्या नावांच्या पाट्या आहेत, आजी."

"आणि कातडी आणणाऱ्यांच्या?"

"त्या नाहीत."

मग तू तळहाताएवढा तपकिरी तुकडा कॅमेऱ्यासमोर धरलास. "खरी फर आहे. प्रोजेक्टच्या मध्यभागी लावणार."

"शी. मेलेल्या जनावराचं कातडं घरात? आधी बाहेर ठेव. आपल्यात चालत नाही."

धाकट्याने लगेच चिडवलं, "बघ, आजीने तुला झीरो दिला."

पुढचे दोन रविवार तू कॉलवर आली नाहीस. तुझ्या बाबाकडून कळलं, तू तुकडा काढून टाकलास आणि प्रोजेक्ट अर्धाच पडून आहे.

त्याच आठवड्यात मी पाडव्यासाठी इथे ठाण्याच्या घरातला माळा आवरत होते. मामंजींची, म्हणजे तुमच्या पणजोबांची, अण्णांची ट्रंक उघडली. तळाशी मृगाजिन होतं, हरणाचं कातडं, केस अजून शाबूत. कल्याणच्या घरी ते रोज त्यावर बसून पूजा करत. चामड्याचा पट्टा घातलेल्या माणसाला देवघरात मज्जाव होता, पण हे कातडं सोवळं. सून म्हणून कितीतरी वर्षं मीच ते झटकून, उन्हात घालून, गुंडाळून ठेवलं. तेही मेलेल्या जनावराचंच, हे माझ्या कधी मनातही आलं नाही.

आजोबांना विचारलं, "हे आणलं कुठून हो?"

"मुरबाडकडचा कोणी माणूस घेऊन आला होता. अण्णांनी त्याला धोतरजोडी दिली म्हणे."

"नाव काय त्याचं?"

"ते तेव्हा कोण विचारणार?"

मी पायरीवर बसून मृगाजिनाचा फोटो काढला आणि तुला पाठवला. खाली लिहिलं: हे आपल्या घरातलं. मी चुकले. तुकडा मध्यभागीच लाव. आजोबांनी सांगितलेलंही सगळं लिहिलं.

रविवारी तू कॉलवर आलीस. आल्या आल्या प्रोजेक्टचा तक्ता वर धरलास. मध्यभागी फर, शेजारी आपल्या मृगाजिनाचा फोटो. दोन्हींच्या खाली तू 'आणणारा' असं लिहिलं होतंस आणि पुढे नावाची जागा कोरी सोडली होतीस.