बर्फावरचा बंद तंबू

सासूबाईंना तंबूतून बाहेर ओढलं तेव्हा चहाचा चमचा त्यांच्या हातमोज्यात अडकलेला होता. मान एका बाजूला कललेली, डोळे अर्धवट उघडे. मी शेजारी गुडघे टेकून बसले होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, ना मराठी ना जपानी. या गोष्टीला दोन वर्षं झाली. अजूनही कधी चहा ढवळताना हात मध्येच थांबतो.

मी सेंदाईला विद्यापीठात संशोधन करते. नवरा टोकियोत, एदोगावात, आयटीच्या नोकरीत आहे. सासूबाई मुंबईहून त्याच्याकडे आल्या होत्या. तो दिवसभर ऑफिसात, त्या फ्लॅटमध्ये एकट्या, म्हणून कंटाळून म्हणाल्या की सुनेकडे जाते, तिथे बर्फ तरी बघायला मिळेल. तीन आठवडे राहायचं ठरलं.

माझ्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त आजोबा राहतात. त्यांची आणि सासूबाईंची ओळख कचऱ्यावरून झाली. सासूबाईंनी बाटल्या झाकणांसकट टाकल्या म्हणून ते वर समजवायला आले आणि जाताना चकल्या घेऊन गेले. मग रोजच येणंजाणं सुरू झालं. दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चाले, आणि मी त्यातली मिरची काढून टाकत असे. आजोबा म्हणत, झाकणं वेगळी टाकायची हे मी तिसऱ्यांदा सांगतोय. मी सांगे, “आई, ते म्हणताहेत, चकल्या फार छान झाल्या होत्या.” सासूबाई म्हणत, या माणसाला दुसरे उद्योग नाहीत का? मी आजोबांना सांगे, त्या तुमचे आभार मानताहेत. दोघंही खूश, आणि मी तर स्वतःवर भलतीच खूश. सून म्हणून आणि परदेशात राहणारी म्हणून मला हे एक काम उत्तम जमतं, असं मला वाटायचं.

आजोबा दर हिवाळ्यात एका गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जात. बर्फाला भोक पाडायचं, त्यात गळ सोडायचा, आणि बोटाएवढे वाकासागी नावाचे मासे वर काढायचे. फोनवर फोटो बघून सासूबाई म्हणाल्या, ही तर मांदेलीच, रव्यात घोळून कुरकुरीत तळायची. त्या आठवड्याच्या शनिवारी आजोबांनी आम्हाला गाडीतून नेलं.

तळ्यावर पोचल्यावर त्यांनी विचारलं, उघड्यावर बसायचं की तंबूत? ते स्वतः कायम उघड्यावर, एका डब्यावर, वाऱ्याकडे पाठ करून बसत. तंबू त्यांनी केवळ आमच्यासाठी कोणाकडून तरी मागून आणला होता. ते सावकाश, मला नीट कळेल असं बोलले. उघड्यावर थंडी वाजते, पण थंडी वाजली की माणूस उठून निघून जातो. तंबूत ऊब असते, पण शेगडी पेटवली की खालची चेन वीतभर उघडी आणि वरची खिडकी पूर्ण उघडी ठेवावीच लागते. बंद केली तर माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो मरतो. यांना हे नीट सांगा.

मी सासूबाईंकडे वळले. त्या कानटोपी, मफलर, शाल आणि माझं जाड जॅकेट घालून उभ्या होत्या आणि पहिल्यांदाच लहान मुलीसारख्या हसत होत्या. मी म्हटलं, “आई, ते म्हणताहेत, तंबूत ऊब असते.”

बस, एवढंच. मरणाचं कशाला बोलायचं, त्यांचा आनंद कशाला घालवायचा, लक्ष ठेवायला मी आहेच की. माझी पीएचडी रसायनशास्त्रातली आहे. बंद जागेत शेगडी जळली की कुठला वायू तयार होतो हे मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि तरी मी तसं केलं. मला स्वतःचाच अजून विश्वास बसत नाही.

आजोबांनी तंबू उभारला, आत भोक पाडून दिलं, गॅसची छोटी शेगडी पेटवली आणि ते तीसेक पावलांवर आपल्या डब्यावर जाऊन बसले. चेनच्या फटीतून वारा थेट सासूबाईंच्या मानेवर येत होता. वारं लागलं की माझी मान धरते, असं म्हणून त्यांनी चेन ओढून घेतली. मी पुन्हा उघडली. त्यांनी पुन्हा ओढली. आजोबा चक्कर मारायला आले, त्यांनी बाहेरून उघडली आणि माझ्याकडे बघून तेच सगळं पुन्हा बोलले, या वेळी जरा कडक आवाजात. मी सांगितलं, “ते म्हणताहेत, थोडी हवा येऊ दे.”

सासूबाई म्हणाल्या, हवा खूप आहे म्हणावं इथे, पोटभर. मी आजोबांना म्हटलं, हो, त्यांना कळलं.

दहा-बारा मासे मिळाल्यावर मी स्वच्छतागृहाला म्हणून किनाऱ्यावर गेले. जाताना चेन उघडी आहे ना ते पाहिलं. किनारा लांब होता, बर्फावरून जपून चालायचं, तिथे रांग, त्यात नवऱ्याचा फोन आला. त्याला मी हसत हसत सांगितलं की तुझी आई इथे वाऱ्याशी भांडते आहे. परत यायला पाऊण तास लागला असेल.

परत आले तर चेन तळापर्यंत लावलेली होती. वरच्या खिडकीत शालीचा बोळा कोंबलेला बाहेरूनच दिसत होता. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग मी जी किंचाळले ते ऐकून आजोबा धावत आले. सत्तरी उलटलेला तो माणूस तंबूत शिरला, त्याने शेगडी बंद केली आणि सासूबाईंना काखेत धरून मागच्या मागे ओढत बाहेर आणलं. शेगडीवर चहाचं भांडं होतं. गळाची काठी लवत होती, मासा लागला होता.

मी त्यांचा मफलर सोडला, कानटोपी काढली. ज्या वाऱ्याला त्या सकाळपासून शिव्या देत होत्या त्याच वाऱ्यात आम्ही त्यांना कुशीवर निजवलं. श्वास चालू होता. थोड्या वेळाने त्यांना उलटी झाली आणि त्या कण्हल्या, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. रुग्णवाहिकेला फोन कोणी केला ते मला आठवत नाही.

आजोबांनी मला विचारलं, “मी सांगितलं होतं. तुम्ही त्यांना सांगितलंत ना?”

मी म्हटलं, “हो.”

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावल्यावर दुपारपर्यंत सासूबाई शुद्धीवर आल्या. डोकं ठणकत होतं, पण माणसं ओळखत होत्या. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं. आजोबा दारात उभे होते. ते आत आले, पलंगाशी कमरेत वाकले आणि बराच वेळ बोलले. तंबू आणला ही माझी चूक, त्या ऐकत नाहीत हे दिसल्यावर मी तो काढून टाकायला हवा होता, असं ते म्हणत होते. त्या ऐकत नाहीत, असं त्यांना वाटत होतं ते माझ्या ‘हो’मुळे.

सासूबाईंनी मास्क बाजूला केला. “काय म्हणाले?”

“माफी मागताहेत.”

त्या म्हणाल्या, “इतकं लांबलचक बोलतात आणि तू दोन शब्दांत सांगतेस. आल्यापासून बघते आहे. आज सगळं सांग.”

मग मी सगळं सांगितलं. सकाळचं अख्खं बोलणं, चेन, खिडकी, झोप, मरण, आणि बर्फावर मी म्हटलेलं ‘हो’. ध चा मा करणाऱ्यांना आपण नावं ठेवतो. मी तर वाक्यच खाऊन टाकलं होतं. रडू येत होतं, पण रडायचा हक्क माझा नव्हता.

त्या रागावल्या नाहीत. मला वाटलं होतं रागावतील, आणि रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “त्यांना सांग, मला कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.”

मी आजोबांकडे वळले आणि ते वाक्य जसंच्या तसं जपानीत सांगितलं. आजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे वळून पुन्हा वाकले.