स्तेफाचं निमगरवं बियाणं

झारेच्चा नावाच्या गावात स्तेफाच्या बटाट्याची जात कुणालाच ठाऊक नव्हती. सगळे तिला नुसतं 'स्तेफाची बुल्बा', म्हणजे स्तेफाचा बटाटा, म्हणत. ऐंशी दिवसांत काढणीला येणारी, पातळ सालीची, उथळ डोळ्यांची, शिजली की पिठूळ फुटणारी आणि किसून ठेवली तरी काळी न पडणारी. बेलारूसमध्ये एवढे गुण कुणी माणसातही शोधत नाही. स्तेफा शोधायची, म्हणून बासष्टाव्या वर्षीही बिनलग्नाची होती. हळवा वाण लवकर भरतो पण पाणचट निघतो, गरवा थंडीपर्यंत ताटकळत ठेवतो. नवरा करायचा तर मधला, निमगरवाच, असं ती भर बाजारात सांगे.

पलीकडच्या आळीतला विधुर अंतोस दोन वर्षं लावणीच्या तोंडावर तिच्याकडून बादलीभर बियाणं मागून नेई. यंदा मे महिन्यात तो बादली न घेताच आला आणि त्यानं लग्नाचंच विचारलं. स्तेफाला आभाळ ठेंगणं झालं. पण लगेच मनात पाल चुकचुकली. याला मी हवी की माझी बुल्बा? तिनं कोंब आलेल्या बियाण्याचं एक अख्खं पोतं त्याच्या ढकलगाडीवर टाकलं.

"घे, फुकट. आता लग्न करायची गरज नाही."

अंतोसनं पोत्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि गाडी ढकलत निघून गेला. स्तेफा पायरीवर बसून रडली. माणूस चांगला निमगरवा होता, त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावभर तळणीचा खमंग वास सुटला. अंतोसच्या अंगणात पाच तव्यांवर किसलेल्या बटाट्याच्या द्रानिकी चुरचुरत होत्या आणि अख्खी आळी बोटं चाटत बसली होती. रिकामं पोतं कुंपणावर वाळत होतं. या गावात एक वेळ चोरी माफ होती, पण बियाणं खाणं नाही. स्तेफा डोक्याचा रुमाल सावरत धावतच पोचली.

"मेल्या, बियाणं खाल्लंस?"

"सगळं," ताटली पुढे करत अंतोस म्हणाला. "कोंब काढलेत, काळजी नको. आता माझ्याकडे लावायला काही नाही आणि तुझ्याकडे बियाणं मागायला तोंडही नाही. तरी विचारतो. करतेस का लग्न?"

शेजारच्या म्हातारीला हसता हसता ठसका लागला. स्तेफानं एक द्रानिकी मोडून आतून पाहिली, आंबट सायीत बुडवून खाल्ली. कुठे काळी नव्हती. तिला राग आवरेना आणि हसूही.

"माझ्या आठ सऱ्या अजून रिकाम्या आहेत," ती म्हणाली. "उद्या उजाडताच ये. आणि येताना तुझी उशी घेऊन ये."