एक नंबरची खोली

समुद्रकाठी चार खोल्या भाड्याने देणाऱ्या त्या बाईला सगळा किनारा वहिनी म्हणायचा. खरं तर ती एकाचीच वहिनी, शेजारी छत्र्या आणि आरामखुर्च्या भाड्याने देणाऱ्या धाकट्या दिराची. पण तो दिवसभर "वहिनी, चहा" असा पुकारा करायचा, त्यामुळे मासेवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांची ती वहिनीच झाली. बाई तोंडाची फटकळ. वाळूचे पाय घेऊन कुणी गादीवर चढला, की तो कितीही बडा पाहुणा असो, त्याची बिनपाण्याने हजामत व्हायची. तरी माणसं दरवर्षी परत यायची, आणि प्रत्येकाला एक नंबरचीच खोली हवी असायची. तिच्या खिडकीतून समुद्राखेरीज दुसरं काही दिसत नसे.

ती खोली नवऱ्याने स्वतःच्या हाताने बांधली होती. दरवाजा थोडा तिरका बसला होता. त्यावरून वहिनीने त्याला जन्मभर टोमणे मारले, आणि तो गेल्यावर मात्र सुताराला त्या दरवाजाला हात लावू दिला नाही.

नवऱ्याची एक सवय तिने पुढे चालवली. पाहुणे उठायच्या आत ती एक नंबरच्या पायरीपासून भरतीच्या ओल्या रेषेपर्यंत पावलं मोजायची. त्याच्या वेळी ती साठ भरत. पुढे पन्नास झाली, मग चाळीस. पूर्वी दोन-चार वर्षांतून एखादं येणारं वादळ आता वर्षातून दोनदा येऊ लागलं. पावलं अठरावर आली तेव्हा सून म्हणाली, "आई, समुद्र वर चढतोय. एक नंबर आपणच उतरवू या. लाकूड मागे नेऊ, पुढे झाडं लावू."

"मी असेपर्यंत नाही," वहिनी म्हणाली.

तिने खोलीपुढे दगडी भिंत घातली. दगड वाहायला धाकटाच होता. त्याची पाठ धरली, तरी महिनाभर तो हटला नाही.

पावलं अठरावर थांबली. वहिनीने ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकवून त्यांचे कान किटवले. तिकडे धाकट्याच्या दारची वाळू मात्र खचत चालली. पहिल्या वर्षी त्याने छत्र्यांची रांग मागे घेतली. दुसऱ्या वर्षी त्याच्या छपराचे खांब मुळाशी उघडे पडले.

"तूही घाल की भिंत. नुसता आळस तुला," वहिनी म्हणाली. तो नुसता हसला.

तिसऱ्या वर्षीच्या वादळात छप्पर, छत्र्या, खुर्च्या, मागचं घर, सगळं गेलं. धाकटा दूरच्या शहरात एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागला. तो गेला त्या दिवशी वहिनी समुद्राला शिव्या घालत रडली.

पुढच्या हंगामात किनाऱ्याची मोजणी करणारी एक बाई दोन नंबरमध्ये उतरली. चहा घेताना ती भिंतीकडे बघत म्हणाली, "लाट दगडावर आपटली की तिचा जोर जिरत नाही. ती टोकाकडून वळते आणि शेजारची वाळू ओढून नेते. पलीकडे कुणी राहतं का?"

वहिनीने किटली खाली ठेवली. "राहत होता," सून म्हणाली.

वहिनी भिंतीच्या टोकाशी गेली. इतकी वर्षं ती रोज पावलं मोजत आली होती, पण नेहमी आपल्याच पायरीपासून. शेजारच्या दारातून तिने एकदाही मोजली नव्हती. आता मोजायला तिथे दारच उरलं नव्हतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती दुपारपर्यंत घरात आली नाही.

त्या महिन्यात भिंत निघाली. मग एक नंबरची खोलीही उतरवली. उरलेल्या तीन खोल्यांपुढे सासू-सुनांनी वाळू धरून ठेवणाऱ्या वेली लावल्या. वादळाचे महिने खोल्या बंद ठेवायचं ठरवलं, आणि फोन करणाऱ्या पाहुण्यांना सून आधीच सांगू लागली, की खिडकीतून समुद्र दिसणारी खोली आता नाही. काही जुने पाहुणे तरीही आले, बरेचसे आले नाहीत. तिरका दरवाजा मागच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवला होता.

वहिनीने धाकट्याला फोन लावला. "भिंत पाडली रे. खोलीही उतरवली."

"का?"

तिने सगळं सांगितलं. "तुझं घर मी घालवलं," ती म्हणाली.

तो म्हणाला, "वहिनी, मला ठाऊक होतं. दुसऱ्याच वर्षी लक्षात आलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"दादाची खोली होती ना," धाकटा म्हणाला.