आल्याच्या बारा बाटल्या आणि गावाचं मतदान

बाळांनो, तुम्ही दोघांनी फोनवर दाखवलेली आल्याची बाटली मी नीट पाहिली. गच्च झाकण लावून ती हीटरशेजारी ठेवली आहे. आधी उठा, तिला तिथून हलवा, झाकण हळूच सैल करा आणि मगच पुढचं वाचा. मी थट्टा करत नाही. अशाच बारा बाटल्यांनी एकदा आपल्या गावाचं मतदान जवळजवळ घालवलं होतं, आणि त्या बाटल्या माझ्या होत्या!

तेव्हा मी गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. अवसरीहून येणारी एस. टी. जिथे थांबते, तिथेच देशी दारूचं दुकान होतं. शाळेत जाणाऱ्या मुलींना त्याच्या समोरून जावं लागे. असं दुकान बंद करायचं तर गावातल्या बायकांनी मतदान करावं, असा नियम होता. मतपत्रिकेवर दोन चित्रं असत. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मेख पुढेच होती. मतदारयादीत जेवढ्या बायका, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींचा शिक्का आडव्या बाटलीवर पडायला हवा. जी घरी बसली ती दुकानाच्याच बाजूची झाली.

दर रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर बायका जमत. दिवस कांदा काढणीचे, ऊन मी म्हणायचं. एका रविवारी कुणीतरी म्हणालं, "बाई, गड्यांची बाटली बंद करताय, मग आमाला कंची बाटली देताय?"

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "देते! पुढच्या रविवारी या, अशी फसफसणारी बाटली देते की दुकानाकडे कुणी ढुंकून पाहणार नाही."

माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं एक इंग्रजी पाककृतींचं पुस्तक होतं. त्यात आलं, साखर, लिंबू आणि यीस्ट यांचं फसफसणारं पेय दिलं होतं. मी कृती वहीत उतरवून घेतली. सोमवारी शाळेच्या कामानं जुन्नरला गेले, तेव्हा बाजारातल्या बेकरीत यीस्ट मागितलं. बेकरीवाले चाचा पुडी बांधता बांधता म्हणाले, "बाई, पाव करताय का?"

"नाही, सरबत."

"मग गर्मीचं ध्यान ठेवा. खमिराला घड्याळ कळत न्हाई. दुसऱ्या दिवशीच उघडा."

मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, छापील पुस्तकात 'उबदार जागी आठवडाभर' असं दिलं आहे. ते पुस्तक बर्फ पडणाऱ्या देशात लिहिलं होतं, आणि त्यांची 'उबदार जागा' म्हणजे आपलं श्रावणातलं माजघरसुद्धा नव्हे, हे मला सुचलं नाही. आम्ही तर चैत्रात होतो!

बाटल्या जाड काचेच्या हव्या होत्या. तशा भंगारवाल्याकडेच मिळाल्या, बिअरच्या. मी राखेनं घासल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या, कागद खरवडून टाकले आणि प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी डकवली. बुचं नव्हती, म्हणून मक्याच्या कणसाच्या दांड्याचे तुकडे ठोकून बसवले आणि सुतळीनं आवळले. प्रत्येक बाटलीत चार बोटं जागा सोडली, पुस्तकात तसं होतं. मग त्या आतल्या खोलीत, ज्वारीच्या कणगीमागे, ओळीनं उभ्या केल्या.

तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, माळकरी होत्या. कांदा-लसूणसुद्धा ताटात चालत नसे. त्यांनी दारातूनच विचारलं, "सूनबाई, हे काय आंबवत ठिवलंय?"

"आल्याचं सरबत आहे, आई. रविवारी उघडायचं."

"चार चार बोटं रिकामं? बायकांम्होरं आसं अपुरं भांडं ठिवत्यात व्हय?"

मी ते हसण्यावारी नेलं. बुधवारी मला पुढच्या दोन-तीन सुतळ्यांच्या गाठी वेगळ्या दिसल्या. मी नेहमी उजवीकडून गाठ मारते, या डावीकडून होत्या. माझ्याच हातून तसं झालं असेल, असं म्हणून सोडून दिलं. रविवार म्हणजे सहावा दिवस, पुस्तकापेक्षा एक दिवस कमीच. मी अगदी निर्धास्त होते.

त्या रविवारी मळ्याच्या वस्तीवरच्या काकू पहिल्यांदा आल्या. साठीच्या पुढच्या, आवाज खणखणीत. वस्तीवरच्या साऱ्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नव्हत्या. त्या आल्या तर वस्ती येणार, नाहीतर आमचा निम्मा आकडा गाठणं अशक्य. त्या खांबाला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा बाई. आयकून घ्याया आलेय, हो म्हनाया न्हाई."

मी बोलायला उभी राहिले. दारूनं घरं कशी बसतात, मुली कशा मान खाली घालून जातात, असं मी रंगात येऊन सांगत होते, आणि आतून आवाज आला, फट्! कणसाचा तुकडा कौलावर आदळला. मग दुसरा. मग काच फुटल्याचा खळकन् आवाज. पाठोपाठ आंबूस वासाचा असा लोट बाहेर आला की पुढे बसलेल्या बायकांनी नाकाला पदर लावले.

काकू सगळ्यांच्या आधी आत गेल्या. कणगीवर फेस, भिंतीवर फेस, आणि मधोमध बिअरच्या बाटल्यांची ओळ! कागद खरवडले म्हणून बाटली ओळखू येत नाही थोडीच.

"बाई," काकू सावकाश म्हणाल्या, "तुमीबी गाळता व्हय?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. दोघीतिघी चपला शोधायला लागल्या. मला त्या क्षणी सगळं मतदान त्या फेसाबरोबर वाहून जाताना दिसलं.

तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. "थांबा गं! त्यात गूळ म्या टाकलाय!"

"आई, तुम्ही?"

"मंग काय! गोड कमी लागलं, भांडं अपुरं दिसलं. बाटलीमागं एक खडा टाकला न् वर पानी भरलं." त्यांनी गळ्यातली माळ धरून दाखवली. "दारू आसती तर ही घालून म्या हात लावला आसता का, काकू?"

आणि त्यांनी बूच उडालेल्या बाटलीतून पेला भरून घेतला आणि सगळ्यांसमोर तो घटाघटा रिकामा केला. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. त्यांनी डोळे मिटले, आणि अशी दणदणीत ढेकर दिली की काकूंच्या तोंडचा पदर सुटला. त्या हसू लागल्या, मग सगळी खोली हसू लागली.

"लई झोंबतंय!" सासूबाई म्हणाल्या. "नाकातनं वर जातंय!"

खरं सांगायचं तर सहा दिवस मुरलेलं, वर गूळ घातलेलं ते पाणी अगदीच निर्दोष नसणार. ते मला कळत होतं, म्हणून मी दुसरा पेला कुणाला दिला नाही.

काकूंनाही कळलं असावं. त्या म्हणाल्या, "सरबत आसंल. पन दुकान बंद करनाऱ्या घरात ह्या बाटल्या नगंत. सारं वता अंगनात, आमच्या म्होरं."

नऊ बाटल्या उरल्या होत्या. त्या गोणपाटात गुंडाळून आम्ही अंगणात नेल्या. सुतळी कापली की कणसाचा तुकडा सुटायचा आणि फेसाचं कारंजं शेवग्याच्या फांदीपर्यंत जायचं! बायका किंचाळत होत्या, पळत होत्या, पुन्हा जवळ येत होत्या. "आता माजी पाळी!" "सर गं मागं!" ज्यांनी सकाळपासून कांदे उपटले होते त्या शाळकरी पोरींसारख्या भिजत होत्या. मीही भिजले, पदर, चष्मा, वही, सगळं.

रिकामी झालेली प्रत्येक बाटली काकूंनी स्वतः मातीत आडवी ठेवली. शेवटी त्या ओळीकडे बोट करून त्यांनी वस्तीवरून सोबत आलेल्या सुनेला विचारलं, "दिसली का? शिक्का कुठं मारायचा? उभीवर का आशीवर?"

"आशीवर," सून म्हणाली.

मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत रांगेत वस्तीचं कुणीच दिसेना. मी शाळेच्या दाराशी येरझाऱ्या घालत होते. मग रस्त्यावर दोन ट्रॅक्टर आले, ट्रॉल्या बायकांनी गच्च भरलेल्या, पुढच्या ट्रॉलीत काकू. त्या सगळ्यांनी शिक्के मारले. संध्याकाळी मोजणी झाली आणि आम्ही निम्म्याच्या पुढे गेलो, थोडक्यात, पण गेलो!

बाहेर येताना काकूंनी माझा हात धरला. "बाई, आडवी केली तुमची बाटली. ही काय उडाली न्हाई बघा."