फ्यू की अ फ्यू?

जळक्या रबराचा वास आला की मला नववीतली ती दुपार आठवते. मानपाड्याच्या बाजूला प्रचंड आवाज झाला आणि आमच्या खिडकीची काच तडकली. बाबा तिथल्याच एका केमिकल कंपनीत कामाला होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. शेवटी आईने त्यांच्या मल्याळी साहेबांना फोन केला आणि त्यांचं इंग्रजी ऐकून तो माझ्या कानाला लावला. मागे सायरन वाजत होते. "फ्यू पीपल आर इनसाइड," साहेब म्हणाले आणि फोन कट झाला. "काय म्हणाले गं?" आईने माझा दंड घट्ट धरला. त्याच आठवड्यात बाईंनी शिकवलं होतं, नुसतं 'फ्यू' म्हणजे जवळजवळ कोणीच नाही आणि 'अ फ्यू' म्हणजे थोडे तरी आहेत. मी म्हटलं, "आत जवळजवळ कोणी नाहीये." आई सुटकेने रडायला लागली. माझ्या मनात मात्र शंका आली. त्या गोंगाटात तो इवलासा 'अ' मला ऐकू आला नसेल तर? की साहेबांनीच तो खाल्ला असेल? संध्याकाळी बाबा चालत घरी आले, केसांत काचेचा चुरा आणि एक पाय अनवाणी. आई त्यांना म्हणाली, "हिने मला सांगितलेलं, आत कोणी नाहीये म्हणून." बाबा माझ्याकडे वळले. "अगं, आम्ही होतो की आत," ते हळूच म्हणाले, "काही जण अजून आहेत." आज मी शाळेत इंग्रजी शिकवते, पण या धड्याला आले की दोन्ही वाक्यं आधी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते. नुसतं तोंडी सांगायचा मला धीर होत नाही.